मिळून येत नाही

ते वॉरंट मी अजून विसरलेलो नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेलेत. पण एका न वटलेल्या चेकचं ते पिवळं पडलेलं वॉरंट काही डोळ्यांसमोरून हलत नाही.

निवृत्तीला दोन महिने राहिले होते. फौजदार म्हणून माझ्याकडे समन्स-वॉरंटचं टेबल होतं. या टेबलावर खुशीनं कुणी बसत नाही. एका सकाळी पासपोर्ट पडताळणी बघणारा हवालदार समोर येऊन उभा राहिला.

"साहेब, शिवाजी पेठेतल्या एका म्हाताऱ्याचा अर्ज हाय. बायकोला घेऊन हजला निघालाय. पण नावावर जुनं अजामीनपात्र वॉरंट दिसतंय, चेकच्या केसमधलं. उचलू का?"

"पळून चाललाय का तो? आधी कागद आण."

कागद आला. नावावरून काहीच आठवेना. मागची बाजू उलटली. तिथं शेरा होता. 'सदर आरोपी दिलेल्या पत्त्यावर मिळून येत नाही.' खाली सही माझी, पोलीस नाईक होतो तेव्हाची.

आता लपवण्यात अर्थ नाही. त्या काळी महिनाअखेर आली की वॉरंटांचा गठ्ठा निकाली दाखवावा लागे. आम्ही चहा मागवायचो आणि ठाण्यातच बसून शेरे मारायचो. दहातल्या चारांच्या घरी जायचो, उरलेले सहा 'मिळून येत नव्हते'. सगळेच करायचे, मीही करायचो. लाज कधी वाटली नाही, हेही खरं.

हवालदाराला न पाठवता मी स्वतः निघालो. पत्त्यात पेठ आणि नुसता घरनंबर होता. नंबर शोधत गल्लीत वळलो, तर तो तालमीशेजारच्या टेलरिंगच्या दुकानाचा निघाला. अरे, हे तर मास्तरांचं दुकान! तालमीच्या फुटबॉल टीमच्या जर्सी शिवणारे मास्तर. माझ्या वर्दीच्या पँटी वर्षानुवर्षं इथंच शिवलेल्या. अख्खी पेठ त्यांना मास्तर म्हणायची, खरं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. मी तो शेरा मारला, त्या सुमारासही या माणसानं माझ्या कमरेला टेप लावली असणार.

"या की साहेब! रिटायरमेंटचा सफारी शिवायचा व्हय?" मास्तरांनी मशीन थांबवलं.

"मास्तर, ती चेकची काय भानगड होती?"

"ती? कवाच मिटली की. व्यापाऱ्याकडनं कापड घेतलतं, माझा चेक परत गेला, त्यानं केस घातली. मग वस्तादांनी दोघांना तालमीत बसवलं, मी पैसं दिलं, नारळ फुटला. पण तुम्ही आत्ता का इचारताय?"

मी वॉरंट दाखवलं. मास्तरांचा चेहरा उतरला. आतून त्यांची बायको, अख्ख्या पेठेच्या चाची, दार धरून बाहेर आल्या. दोन्ही गुडघ्यांना पट्टे होते.

"साहेब, आठ दिसांत पासपोर्ट जमा न्हाई झाला तर आमचा नंबर गेला," चाची म्हणाल्या. "फुडल्या वर्साला ह्या गुडघ्यांनी मी हितनं तालमीपातूर तरी जाईन का?"

नियमानं मी त्यांना तिथंच अटक करायला हवी होती. मी फक्त म्हणालो, "परवा कोर्टात या, वकील घेऊन." गल्लीतून बाहेर पडताना स्वतःचाच राग येत होता. घरी जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "चेकचीच केस ना? एवढं काय त्यात?"

वस्ताद वारलेले. फिर्यादी व्यापारी हातकणंगल्यात मुलाकडे राहायला गेल्याचं कळलं. दुसऱ्या दिवशी तिथं पोचलो. म्हातारा ओट्यावर पेपर वाचत होता. केसचं नाव काढताच तो चक्क हसला.

"आवं साहेब, तालमीत नारळ फोडला, हातात हात दिला, वर मिसळ खाल्ली. मिटलंय ते!"

"कोर्टात सांगितलंत?"

"कोर्टात कशाला? वस्तादांना सांगितलं की!"

घ्या! पेठेत न्याय झाला आणि कोर्टाला पत्ताच नाही. दोघांनी तारखांना जायचं सोडून दिलं आणि वॉरंट तसंच जिवंत राहिलं. म्हातारा मात्र शब्दाचा पक्का. "उद्या येतो, सही करतो," म्हणाला आणि आलाही.

कोर्टाच्या व्हरांड्यात मास्तर माझ्याजवळ सरकले.

"साहेब, एक सांगू? वॉरंट निघाल्याचं आन् ते तुमच्याकडं आल्याचं मला तवाच कळलं हुतं. नारळ फुटल्यावर तुम्हीच तो कागद फाडला असंल, असं मला वाटायचं. दुकानात यायचासा, पण कधी त्याचा विषय न्हाई काढलासा. म्हटलं, लई मोठ्या मनाचा माणूस. दर शुक्रवारी तुमच्यासाठी दुवा मागतोय मी."

तेवढ्यात पुकारा झाला. तडजोडीची पुरसीस, म्हणजे दोघांच्या सह्यांचं लेखी निवेदन, दाखल झाली. न्यायाधीशांनी वॉरंट उलटून बघितलं. "इतकी वर्षं आरोपी फरार होता. लगेच सोडायचं कसं?" मास्तरांचा वकील कागद चाळू लागला. फरारचा शिक्का बसला असता तर जामीन, जामीनदार, पुढची तारीख, आणि आठ दिवस तिथंच संपले असते. माझी पेन्शन डोळ्यांपुढं आली. मी उभा राहिलो.

"साहेब, आरोपी फरार नव्हता. तो शेरा माझा आहे. मी वॉरंट घेऊन त्या पत्त्यावर गेलोच नव्हतो."

न्यायाधीशांनी वॉरंट रद्द केलं, तडजोड नोंदवून केस संपवली आणि माझ्याबद्दल वरिष्ठांना पत्र लिहायला सांगितलं. पुढं नोटीस आली, चौकशी झाली, पेन्शन काही महिने अडकली. त्याचं मला काही वाटलं नाही.

बाहेर मास्तर खांबाला टेकून उभे होते. आत मी काय बोललो, ते त्यांनी ऐकलं होतं. चिडले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "मग साहेब, तिकडं जाऊन तुमच्यासाठी आता काय मागू?"

मी टोपी घातली आणि ठाण्याकडं चालू लागलो.

त्या चहाच्या टेबलावर मी असे किती लोक बेपत्ता केले, देव जाणे. ते याच गावात राहत असतील, कदाचित मला रस्त्यात नमस्कारही करत असतील. पोलिसाला गुन्हेगार ओळखता येतो, असं आम्ही छाती काढून सांगायचो. मला माझा शिंपीसुद्धा ओळखता आला नव्हता.

मास्तर आणि चाची हज करून सुखरूप परत आले, त्यालाही आता बरेच दिवस झाले. तिथं त्यांनी माझ्यासाठी काय मागितलं, ते विचारायला मी त्या गल्लीत अजून गेलेलो नाही.