शेवटचं फूटभर

पिटलॉरी गावात वॉटी डॅलग्लीशबद्दल एक वाक्य वीस वर्षं फिरत होतं: हा माणूस रोज सकाळी अठरा भोकं पाडतो आणि शनिवारी बायकोला विचारल्याशिवाय त्यातल्या एकातही चेंडू घालू शकत नाही. हे पहिल्यांदा कोण बोललं याबद्दल वाद आहे. दाट संशय मासेवाल्या टॅम इम्रीवर, म्हणजे वॉटीच्या जिवलग मित्रावरच.

वॉटी समुद्राकाठच्या गोल्फच्या मैदानाचा राखणदार. रोज सकाळी प्रत्येक हिरवळीवर नवं भोक पाडायचं, निघालेला मातीचा गड्डा कालच्या भोकात बसवायचा आणि सांधा दिसणार नाही असा थोपटायचा. कुठलं गवत तहानलेलं आणि कुठलं माजलेलं, हे त्याच्या हातांना ठाऊक होतं. पण काठी धरून चेंडूमागे उभा राहिला की त्याच हिरवळीचा चढउतार त्याला उमगत नसे. ते काम बायकोचं, इफीचं. शनिवारी काठ्यांची पिशवी तिच्या खांद्यावर असायची. शेजारणी म्हणायच्या, "इफी, पुढच्या खेपेला त्यालाही पाठुंगळी घे." इफी हसायची, भोकापाशी जाऊन उकिडवी बसायची, उलट चेंडूकडे बघायची आणि सांगायची, "गावाकडे दोन बोटं." वॉटी भोकाच्या तेवढ्या बाजूला नेम धरून मारायचा. पाचातले चार आत जायचे. श्रेय मात्र तो काठीला द्यायचा.

फेब्रुवारीत इफी गेली.

एप्रिलमध्ये वॉटी पुन्हा खेळायला आला, पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेऊन. दोघांच्या सामन्यात चेंडू भोकाला अगदी खेटला की समोरच्याने "उचल" म्हणायचं, म्हणजे तो आत गेल्यात जमा. ही जुनी भली रीत. टॅमने एप्रिलमध्ये फुटावरून उचल म्हटलं, मे महिन्यात दोन फुटांवरून, आणि जुलैत तर चेंडू हिरवळीवर आला तरी पुरे. त्याचं बघून बाकीचेही तेच करू लागले. आपला चेंडू भोकात पडल्याचा आवाज वॉटीने फेब्रुवारीपासून ऐकलाच नव्हता.

हे त्याला कळलं पावाच्या दुकानात. मिसेस गेडी, जिला गावातलं सगळं आधी कळतं, ती म्हणत होती, "क्लबचा कॅप्टनसुद्धा उचल म्हणतो त्याला. घालता कुठे येतो आता बिचाऱ्याला." बिचारा तिच्याच मागे पाव घेऊन उभा होता.

तो तडक टॅमच्या गाडीपाशी गेला. टॅम मासे साफ करत होता.

"तू माझी कीव करतोस."

"हॅडॉक हवाय की भांडण?"

"टॅम."

टॅमने सुरी पुसली. "इफीने सांगितलं होतं. जानेवारीत. म्हणाली, मी नसले की हा दोन फुटांवरून चुकेल, आणि चारचौघांत चुकला की खेळणंच सोडेल. तू उचल म्हणत जा. ज्या दिवशी भांडायला येईल, त्या दिवसापासून गप्प बस."

"इतके महिने बोलला का नाहीस?"

"तू भांडायला आला होतास कुठे? उचल उचल करून मी सहा सामने हरलो, लेका. वाट बघत होतो मी."

"शनिवारी एकदाही म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार."

"अठराव्या हिरवळीवर घालता आला नाही, तर काठ्या खोपटात टाकून देणार आहे."

टॅमने पुढचा मासा साफ करायला घेतला.

रविवारी मैदानावर खेळ बंद असतो. गाव कुत्री आणि बाबागाड्या घेऊन तिथे फिरतं. त्या रविवारी चर्चच्या काळ्या कोटातला वॉटी अठराव्या भोकापाशी गुडघ्यांवर बसलेला सगळ्यांनी पाहिला. मिसेस गेडी तर तो प्रार्थना करतोय असं समजून लांबून गेली. सव्वीस वर्षं तो तसाच रोज तिथे गुडघे टेकत आला होता, पण मान खाली घालून, भोक पाडायला. इफीसारखा उलट त्याने कधी बघितलंच नव्हतं. चेंडूमागून सपाट दिसणारी जमीन इथून शेवटच्या फूटभरात समुद्राकडे कललेली स्पष्ट दिसत होती. तिथे पोचेस्तोवर चेंडू दमतो, आणि दमलेला चेंडू जमिनीचं ऐकतो. इफी तेवढं फूटभर बघत असे.

शनिवारी सकाळी अठराव्याचं भोक त्याने मुद्दाम अवघड जागी पाडलं.

संध्याकाळी त्याच हिरवळीवर सामना बरोबरीत होता. टॅम पाच टोल्यांत आटोपला. वॉटीचे तीन झाले होते. चौथा भोकावरून पुढे गेला आणि अडीच फुटांवर थांबला. क्लबच्या पायऱ्यांवर कॅप्टन, कठड्यापाशी मिसेस गेडी, सगळे टॅमच्या तोंडाकडे बघत होते. टॅमने पाठ फिरवली, समुद्राकडे तोंड केलं आणि ओठ गच्च मिटले. आयुष्यात इतका वेळ गप्प राहण्याची त्याची ती पहिलीच वेळ असावी.

वॉटी वळसा घालून भोकापाशी गेला. कटकट गुडघे वाजवत उकिडवा बसला आणि आपल्याच चेंडूकडे उलट बघत राहिला. एक बोट, त्याने ठरवलं. गावाकडे.

परत येऊन त्याने मारला. चेंडू गावाच्या अंगाने निघाला, चुकलाच असं वाटेपर्यंत तसाच गेला. मग दमला. हळूच समुद्राकडे कलला, काठावर आला आणि आत पडला. आवाज सगळ्यांना ऐकू आला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वॉटी होता तिथेच उभा राहिला. चेंडू भोकातच.

मागे वळून न बघता टॅम म्हणाला, "आता तरी उचल."

"राहू दे जरा," वॉटी म्हणाला.