मटार सोलणारी पलटण

पलटणीतल्या आचाऱ्याला सगळे ‘मास्तर’ म्हणत. जेवताना कुणी नाक मुरडलं, की तो पळीनं त्याच्या ताटावर टकटक करायचा. पण त्या हिवाळ्यात कुणी नाक मुरडलं नसतं तरच नवल. लढाई सुरू होती. चार महिने रोज तेच: डब्यातलं मांस, बटाट्याची भुकटी आणि दगडासारखी बिस्किटं. मास्तर भुकटीत कधी मिरी घालून बघायचा, कधी लसूण. आधी नाकं मुरडणारे जवान पुढं पुढं मुकाट्यानं गिळायला लागले. शिव्या परवडल्या, पण ते मुकाटपण त्याच्या जिव्हारी लागायचं.

थंडी ओसरली. पाणी आणायला तो उताराखालच्या मळ्याशी गेला, तर मळा मटारानं लगडलेला आणि तोडायला एकटी बाई. घरचे पुरुष सगळे लढाईवर.

“शेंगा जून व्हायला आल्यात, दादा,” ती म्हणाली. “माणसं द्या, निम्मा माल तुमचा. वर तुमच्या शिध्यातले गोड घट्ट दुधाचे चार डबे द्या. माझ्या चिमुरड्या पोरी गोडाची चव विसरल्यात.”

मास्तरनं भीत भीतच साहेबांना विचारलं.

“मटार? ताजा?” साहेब म्हणाले, आणि स्वतःच बूट चढवू लागले.

दुपारभर अख्खी पलटण मळ्यात. सोलायचे कमी, तोंडात टाकायचे जास्त. बाई ओरडत होती, “अरे मेल्यांनो, पातेल्यासाठी ठेवा की!”

मास्तरनं सवयीनं मोठं आधण ठेवलं.

“किती वेळ शिजवणार हो?” बाईनं विचारलं.

“तासभर.”

“का? काय गुन्हा केलाय त्यांनी?”

तिनं पळी हिसकावून घेतली. पातीचा कांदा, थोडं लोणी, दहा मिनिटं, बस्स. पातेलं पुसून लख्ख झालं. एक धिप्पाड हवालदार डोळे पुसत म्हणाला, “कांदा झोंबला.” कांदा तर केव्हाच शिजला होता.

लढाई संपल्यावर मास्तरनं बाजाराच्या तोंडाशी खानावळ टाकली. सकाळी मंडईत जे कोवळं दिसेल ते दुपारी ताटात. भोपळ्याच्या दिवसांत भोपळाच. गिऱ्हाईक कुरकुरलं, तर बायको गल्ल्यावरून सांगायची, “टोमॅटो हवेत? दोन महिन्यांनी या. ह्यांच्याशी वाद घालून काही उपयोग नाही, मी घालून बघितलाय.”

लोक हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे. घरी मात्र किती रांधायचं याचा अंदाज त्याला कधीच जमला नाही; हात अजून पलटणीच्याच मापाचा. रविवारी तो चुलीशी उभा राहिला, की बायको खिडकीतून शेजारणींना हाक मारायची, “डबे घेऊन या गं, आमच्याकडे आज चौघंच जेवायला आहेत!”