येशूने संसार कधी केला?

मंडळी, आज चर्चमधून परतताना सासूबाईंनी असा प्रश्न विचारला की अजून डोक्यातून जात नाहीये. त्या नाताळासाठी नगरहून आमच्याकडे जबलपूरला आल्यात.

उपासना हिंदीत होती. पास्टरजी म्हणाले, “प्रभु येशु संसार में आए.”

ऑटोने नेपियर टाउन ओलांडल्यावर आईंनी हळूच विचारलं, “काय गं, येशूने संसार कधी केला? लग्न तर नव्हतं झालं त्याचं!”

मी इतकी हसले की ऑटोवाला भैया आरशातून पाहून राहिला. “आई, हिंदीत संसार म्हणजे जग!”

“असं होय,” म्हणाल्या.

घरी करंज्यांचं पीठ भिजवता भिजवता मध्येच बोलल्या, “पण आला तर संसारातच ना? मरीयेला काय दुपटी धुवावी लागली नसतील?”

आता मात्र मला हसू आलं नाही. सकाळी खरकट्या भांड्यांवरून नवऱ्याशी भांडून, सिंक तसंच भरलेलं टाकून मी चर्चला धावले होते.

तेव्हापासून विचार करून राहिले. तुम्हीच सांगा, मी येशूला भेटायला गेले होते, की घरीच सोडून गेले होते?