मिक्सरच्या भांड्यातला जवळा

ही गोष्ट मी घरात कधी काढलेली नाही. बहिणीला एकदा सांगायला बसले होते, तर मध्येच दूध उतू गेलं आणि सुटल्यासारखं झालं. देवापुढे उभी राहते तेव्हा भलतंच काहीतरी मागत असते. आज तुम्हाला सांगते आहे. का, ते विचारू नका — मलाही नीट माहीत नाही.

मी नवीन पनवेलला राहते. पंचावन्न सरली. मुलगी लग्न होऊन गेली, हे अजून नोकरीत, आणि दिवसभर घरात मी एकटी — तेव्हा जुन्या वस्तू ऑनलाइन विकायचं खूळ डोक्यात शिरलं. आमच्याकडे कुणाची ना कुणाची बदली होतच असते. माणसं घर हलवतात आणि अर्धं सामान मागे टाकून जातात. पंखे, टेबलं, मिक्सर, बाळाचे पाळणे. मी ते घ्यायचे, लिंबू-सोडा लावून लखलखीत करायचे, बाल्कनीतल्या सकाळच्या उन्हात फोटो काढायचे आणि ॲपवर टाकायचे. आणि मला ते जमायचं हो! वर्षभरात माझ्या नावापुढे 'विश्वासू विक्रेता' असा हिरवा शिक्का लागला. येईल-जाईल त्याला मी तो दाखवायचे. गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसालासुद्धा दाखवला होता. हसा तुम्ही. पण पंचावन्न वर्षांत मला दुसरा कुणी कसला शिक्का दिला होता?

जुनी वस्तू विकणाऱ्याला भीती एकच — 'परत घ्या' अशी विनंती. घेणाऱ्यानं सात दिवसांत नको म्हटलं की वस्तू परत येते आणि तुमच्या नावापुढे एक खूण पडते. तीन खुणा पडल्या की शिक्का गेला. म्हणून माझी एक रीत होती. तक्रार आली की मी गोड बोलायचे. 'अहो, जरा एक व्हिडिओ पाठवता का?' व्हिडिओ आला की, 'दुसऱ्या प्लगला लावून बघा ना.' मग, 'आज जरा बाहेर आहे, उद्या नक्की बघते.' असं करता करता सात दिवस उलटून जायचे. आवाजात एकदाही चढ नाही. लोक वर मलाच 'थँक्यू ताई' म्हणून फोन ठेवायचे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय! ही लबाडी तर मी कबूल करतेच. पण ती सांगायला बसलेली नाही.

रोडपालीच्या एका कुटुंबानं नागपूरला जाताना मला एक मिक्सर दिला होता. दिसायला नवा कोरा. पण दोन मिनिटं सलग चालवला की मोटारीतून जळका वास यायचा. मला ठाऊक होतं. खोबरं वाटताना मी स्वतः नाकाला पदर लावला होता. ॲपवर लिहिलं, 'उत्तम चालू स्थितीत', आणि सोबत व्हिडिओ टाकला तीस सेकंदांचा. तीस सेकंद तो खरंच उत्तम चालायचा.

तो घेतला उरणकडच्या मोऱ्याच्या रंजनानं. कोळ्याघरची सून, असेल तिशीची. घेण्याआधी तिनं फोन केला, मागे बायकांचा गलका. 'ताई, मिरची न् सुका जवला वाटला तर चालंल ना? आमचा रोजचा काम हाय.' रोजचं काम म्हणजे — ती, तिची सासू आणि शेजारच्या दोघी मिळून सुक्या जवळ्याची चटणी करून त्याच ॲपवर विकायला लागल्या होत्या. नवरा होडीवर, मासळी कधी गावते, कधी नाही. चटणीला मात्र पुण्याहून मागणी यायला लागली होती, आणि पाट्यावर वाटून वाटून सासूचे खांदे भरून यायचे. ॲपवरचं खातं रंजनाच्या नावानं, तिच्याच फोनवर. चार बायकांचा धंदा त्या एका खात्यावर उभा होता. हे तिनं मला पहिल्याच फोनवर सांगितलं, थोरल्या बहिणीला सांगावं तसं. तेव्हा 'मला काय माहीत' असं म्हणायची सोय मला नाही. मी काय म्हटलं? 'अगं, डोळे झाकून घे.'

तिसऱ्या दिवशी तक्रार आली. मी व्हिडिओ मागितला, तिनं पाठवला. त्यात धूर दिसत होता. दुसऱ्या प्लगला लावायला सांगितलं, तिनं शेजारच्या घरी नेऊन लावला. पण रंजना भाबडी होती, बावळट नव्हती. पाचव्या दिवशी तिनं सरळ परत पाठवायचं बटण दाबलं आणि वर मलाच फोन केला. 'रागावू नका ताई, तुमचा तरी काय दोष? मशीनच ती, कवा बिघडंल काय सांगाचा.'

पार्सल दुपारी आलं. मी कात्री घेऊन खाली बसले. मिक्सर धुवून-पुसून इतका स्वच्छ, की मीही तसा करून पाठवला नव्हता. वायर गुंडाळून दोऱ्यानं बांधलेली. आणि चटणीच्या भांड्यात, झाकणाखाली, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गाठ मारून ठेवलेला पावशेर सुका जवळा. बारीक, गुलाबीसर, निवडलेला, एक काडी नाही की खडा नाही.

मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या आईनं शेजारणीचं भांडं कधी रिकामं परत केलं नाही. साखर नसली तर चार शेंगदाणे, तेही नसले तर कढीलिंबाची एक डहाळी. दुसऱ्याचं भांडं रिकामं त्याच्या दारात न्यायचं नसतं. जिच्या गळ्यात मी जळका मिक्सर मारला होता, त्या घरातही तीच रीत. ॲप म्हणजे काय, परताव्याची तपासणी म्हणजे काय, हे त्या सासूला कुठून कळणार? लोकांचं भांडं परत चाललंय, एवढंच तिला कळलं होतं.

मी किती वेळ तशी बसून होते? फार नाही.

पार्सल हातात आल्यापासून दोन दिवसांत विक्रेत्यानं एक तर वस्तू परत घेतल्याचं मान्य करायचं, नाहीतर फोटोसकट हरकत घ्यायची. माझ्या नावापुढे आधीच दोन खुणा होत्या. ही तिसरी झाली असती. पैशांचं म्हणाल तर तेवढं नुकसान मी सोसलं असतं, खरंच सोसलं असतं. मला तो हिरवा शिक्का सोडवत नव्हता.

मी पिशवीची गाठ सोडली. जवळा भांड्यात ओतला. वर पाण्याचे चार थेंब शिंपडले — कोरडा जवळा चिकटत नाही ना. बोटांनी तो पात्याभोवती चोळला, कडांना चोळला, झाकणाला आतून लावला. मग बाल्कनीत नेऊन फोटो काढले. एकात पातं नीट दिसेना, म्हणून तो पुन्हा काढला. खाली लिहिलं: 'वस्तू वापरून, न धुता, घाण करून परत पाठवली आहे. मासळीचा असह्य वास येतो.' आधी नुसतं 'वास येतो' लिहिलं होतं. 'असह्य' मी नंतर घातलं.

एवढ्यावर थांबले असते तर — पण थांबले नाही, तेव्हा त्या 'तर'ला काही अर्थ नाही.

हरकत पाठवण्याआधी ॲप एक प्रश्न विचारतं. अगदी खाली, बारीक अक्षरात. 'ग्राहकाने जाणूनबुजून फसवणूक केली आहे, असे तुम्हाला वाटते का?' उत्तर द्यायची सक्ती नव्हती. तो चौकोन तसाच सोडून पुढे जाता येत होतं. याआधी मी तसंच केलं होतं. त्या दिवशी मी 'होय'वर बोट ठेवलं. कशासाठी? हरकत पक्की व्हावी म्हणून. विश्वासू विक्रेत्याच्या शब्दाला वजन असतं, हे मला ठाऊक होतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना? मला तर बोंबलावंही लागलं नाही.

संध्याकाळी तोच जवळा धुऊन घेतला, कांदा आणि कोकम घालून परतला. ह्यांनी विचारलं, 'झकास झालाय, कुठून आणलास?' म्हटलं, 'बाजारातून.' मीही जेवले. दोन भाकऱ्या खाल्ल्या. घास घशात अडकला वगैरे काही झालं नाही. अडकला असता तर आज सांगायला बरं वाटलं असतं.

चार दिवसांनी निकाल माझ्या बाजूनं लागला. मिक्सर पुन्हा ग्राहकाकडे पाठवा, असं कळवलं होतं. मी तो पाठवला. भांडं घासून, पुसून, रिकामं. निकालाखाली आणखी एक ओळ होती: 'आपल्या सूचनेबद्दल आभार. संबंधित ग्राहकाचे खाते कायमचे बंद करण्यात आले आहे.' कायमचं. मी ती ओळ उभ्यानं दोनदा वाचली. खातं म्हणजे चटणी. खातं म्हणजे त्या चौघी. मला हे नको होतं, असं म्हणू का? कसं म्हणू? त्याच ओळीखाली बटण होतं, 'हरकत मागे घ्या'. मुदत सात दिवस. रोज सकाळी चहा घेताना मी ते बटण उघडून बघायचे आणि फोन पालथा ठेवायचे. आठव्या दिवशी ते दिसेनासं झालं. आणि मला — खरं सांगते — हायसं वाटलं.

याला आता दोन वर्षं होतील. शिक्का अजून आहे. हे लिहायला बसण्याआधी मी तपासून पाहिला. मध्यंतरी उरणला एका लग्नाला गेले होते. तिथून मोरा कितीसा लांब! रिक्षात बसले आणि रिक्षावाल्यानं विचारलं, 'कुठं जायचा?' माझ्या तोंडून निघालं, 'एसटी स्टँड.' घरी येईपर्यंत पाय दुखत होते, जणू मी कुठे फार लांब चालून आले होते.

पण मी पुढचं आधी सांगते आहे. एक फोन राहिला. तो मी टाळते आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

नवव्या दिवशी रंजनाचा फोन आला. मागे गलका नव्हता. 'ताई, आमचा खाता बंद केला वो. कंपनी बोलते, आमी मशीन घान करून धाडली. आमी? सासूनी तीनदा धुतली. आतमधी जवला पन ठेवला होता तिनी. तुमाला मिलाला ना?'

'मिळाला,' मी म्हटलं. 'छान होता.'

'मंग तुमीच सांगा ना त्यांना! तुमी बगितली ना मशीन, साफ होती का नाय? तुमचा नाव मोठा हाय, तुमचा आयकतील.'

त्यांची चटणी कधी परत आलेली नव्हती, तेव्हा तिला वाटत होतं, तपासणी कंपनीच्या गोदामातली माणसं करतात. हरकत मी घेतली असेल, हे तिच्या मनालाही शिवलं नव्हतं. साक्षीदार म्हणून ती मलाच बोलवत होती.

'सांगते,' मी म्हटलं.

आणि मी बसले खरी सांगायला. मदतीच्या पानावर लिहिलं, 'या ग्राहकाची काहीही चूक नाही.' पुढे? पुढे लिहायचं तर 'ते फोटो मी तयार केले' हेच लिहावं लागत होतं. दुसरं काही लिहून उपयोग नव्हता. मी कणीक मळायला उठले. पोळ्या झाल्या, ओटा पुसला, पुन्हा येऊन बसले. ते एक वाक्य तिथंच होतं. मी ते पुसलं.

दुसऱ्या दिवशी मीच तिला फोन केला. 'खूप सांगून पाहिलं गं. ऐकतच नाहीत.' बोलता बोलता माझा आवाज भरून आला. कशानं, ते मला आजही सांगता येणार नाही. पण तो तिला ऐकू गेला.

ती म्हणाली, 'जाव द्या, ताई. तुमी नका मनाला लावून घेव. तुमी आमच्यासाटी बोललात, तेवडा बस झाला. कोलंबी सोलाला बायका पायजे हायत, मी न् आमची सासू जाव तिथं. रडू नका तुमी. तुमची तब्येत संबाला.'

कोळंबी सोलणं म्हणजे दिवसभर बर्फाच्या पाण्यात हात. सासूचे खांदे कसे आहेत, हे तिनं मला सांगितलेलं होतं. मी नुसतं 'हो गं, हो' करत राहिले. दहा मिनिटं ती माझी समजूत काढत होती, आणि मी ती काढू दिली.