राहीची अंबाडी

काशीदच्या किनाऱ्यामागचा डोंगर ओलांडला की खालच्या वाडीत राहीचं शेत लागतं. तिचा नवरा रावजी टमटम चालवतो. सकाळी त्याच्याच टमटममधून भाजीच्या जुड्या घेऊन राही मुरुडच्या बाजारात जाते. बोलायला फटकळ, हसायला मोकळी. काही गिऱ्हाइकं तर निव्वळ तिचं बोलणं ऐकायला घासाघीस करतात.

तिचा सगळा जीव अंबाडीवर. तांदळाच्या कण्या घालून ही आंबट पालेभाजी शिजवली आणि वर लसणाची चरचरीत फोडणी ओतली, की राहीला दुसरं काही लागत नाही. पण शेतातली अंबाडी तिचं ऐकायची नाही. सरळसोट डोक्याच्या वर जायची, चार पानं द्यायची आणि फुलून मोकळी व्हायची. रावजी चिडवायचा, "दोर वळायला बरी हाय. भाजी दुसऱ्याकडून घे."

एका पावसाळ्यात शेजारच्या केसरकाकूची शेळी कुंपणातून आत शिरली आणि अख्ख्या ओळीचे शेंडे खाऊन गेली. राहीने अंगणात उभं राहून केसरकाकूला ऐकवायचं ते सगळं ऐकवलं. पण थोड्याच दिवसांत पाहते तर काय, खाल्लेल्या शेंड्याखाली पेरापेरातून फांद्या फुटलेल्या! अंबाडी झुडपासारखी पसरली होती. त्यातलं एक ठेंगणं झाड तर वेगळंच निघालं. बाकीची फुलून सुकायला लागली तरी हे आपलं पानंच देत राहिलं. राहीने त्याला कोणाला हात लावू दिला नाही. फुललं तेव्हा त्याचंच बी धरलं, आणि भांडण विसरून काकूकडे तांदळाची घावनं घेऊन गेली.

पुढच्या वर्षी तिने ते बी वेगळं पेरलं. रोपं गुडघ्याएवढी झाल्यावर स्वतःच शेंडे खुडले. सावलीत अंबाडी नुसती वर पळते, उन्हात ऐसपैस होते, मुळाशी पाणी साचलं की रुसते, हे तिला हळूहळू कळत गेलं. दाट उगवलेली रोपं ती निर्दयपणे उपटायची. दोनतीन पावसाळ्यांत अशी अंबाडी आली, की एकेका झाडाखाली टोपली ठेवावी आणि भरून उचलावी. राही सकाळी बांधावर उभी राहून नुसती बघायची. रावजीचं चिडवणं बंद झालं. आता तो पाहुण्यांना शेत दाखवायला न्यायचा.

तेवढ्यात एक प्रकरण झालं. काशीदला आलेल्या कुणा पर्यटकाने डोंगरावर भटकताना शेताचा व्हिडिओ काढला. अंबाडीचं पान हाताच्या बोटांसारखं चिरलेलं, कडेला बारीक दाते. लांबून थेट गांजाच वाटावा. व्हिडिओ मोबाइलवरून मोबाइलवर फिरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत पोलिसांची जीप आली.

राही धावत बांधावर आली. रावजी तर टमटमची चावी हातात धरून तसाच उभा राहिला. जीपमधून तरणे फौजदार उतरले.

"मावशी, हे काय लावलंय?"

"अंबाडी हाय, साहेब. खाऊन बघा," राही म्हणाली. तिने एक पान तोडून पुढे केलं.

फौजदारांनी पान उलटंसुलटं पाहिलं, तोंडात टाकलं आणि आंबटपणाने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ते हसत होते.

"मी नांदेडकडचा. ही खाऊनच वाढलोय. पण इतकी भरलेली आमच्याकडंबी नाही बघितली!"

त्यांनी तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला. झाडं पाहून आईने पहिलं विचारलं, "कण्या कशाच्या घालतेस गं?"

"तांदळाच्या. तुम्ही?"

"ज्वारीच्या. आणि शेंगदाणे."

"शेंगदाणे? अगो बाई, करून बघते!"

दोघी अशा रंगल्या, की फोन राहीच्या हातात आणि फौजदार बांधावर बसलेले. चौकशी संपली ती चहावर. निघताना राहीने जीपमध्ये दोन जुड्या ठेवल्या. साहेब नको नको म्हणाले, पण फोनमधून आईने दटावलं, "घे मुकाट्यानं, आणि कण्या नीट शिजव!"

त्या आठवड्यात मुरुडच्या बाजारात पुण्याहून आलेल्या बायकांचा घोळका राहीसमोर थांबला. "हीच का ती पोलिसांनी पकडलेली भाजी?"

"पकडली न्हाय बायांनो, घरी घेऊन गेले!" राही म्हणाली, आणि भाजीवाल्यांची अख्खी ओळ खो खो हसली. दुपार व्हायच्या आत टोपली रिकामी झाली. रावजीने बाजारातच कुल्फी घेतली आणि दोघं समुद्रावर जाऊन बसली. कुल्फी वितळून मनगटावर ओघळत होती, आणि राही त्याला शेंगदाणे कधी घालायचे, आधी की फोडणीत, हे सांगत सुटली होती.