मावशीची बादली आणि माझी फाइल

आंबीजवळच्या एका गुलाबांच्या पॉलिहाऊसला मी खोक्यांवर लेबलं छापायचा प्रोग्राम लिहून दिला. पॅकिंगच्या शेडमध्ये दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर आणि मधे एक प्रिंटर. बटण दाबलं की प्रोग्राम लेबलाचा मजकूर दोन्ही कॉम्प्युटरच्या सामाईक फोल्डरमधल्या एका तात्पुरत्या फाइलीत लिहायचा आणि प्रिंटर ती वाचून छापायचा. फाइलीचं नाव मी फार डोकं चालवून ठेवलं होतं: ‘टेम्प’. दोन्ही टेबलांना तेच.

मग खंडाळ्याच्या एका हॉटेलात लग्नासाठी मागवलेल्या लाल गुलाबांच्या जागी पांढरे पोचले. खोक्यावर ‘लाल’ लिहिलेलं. ते भरणाऱ्या मावशीला सुपरवायझरने सुनावलं, “पुन्हा झालं तर परत तोडणीला जायचं.” मावशीचे गुडघे तोडणीनेच गेले होते.

“म्या पांढरं भरलं, पांढरंच दाबलं,” मावशी मला म्हणाली. “तुमचा डबा खोटं बोलतुया, भाऊ.”

“मावशी, कॉम्प्युटर चुकत नाही.”

“त्यो न्हाई. पर तुमी?”

रागावण्याऐवजी मला कुतूहलच वाटायला लागलं. दिवसभर बरोबर छापणारं यंत्र मधेच का घसरतं? एका पालथ्या क्रेटवर बसून मी सकाळभर नुसता बघत राहिलो. दोन्ही टेबलांवर एकदम बटण दाबलं गेलं, तरच गोंधळ व्हायचा. एकीचा मजकूर दुसरीच्या मजकुरावर बसायचा.

सोपंय, म्हटलं. प्रोग्रामला शिकवलं: फाइल आधीच आहे का बघ, असेल तर थांब, नसेल तर बनव, छापून झाली की पुसून टाक. छाती फुगवून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी मावशीने पांढऱ्या फुलांवर निघालेलं ‘गुलाबी’ माझ्या नाकासमोर धरलं. नशीब, खोकं अजून शेडमध्येच होतं.

कारण कळल्यावर तिला सांगताना माझीच जीभ अडखळली. दोन्ही कॉम्प्युटर एकाच क्षणी बघत होते, दोघांना फाइल दिसत नव्हती आणि मग दोघं तीच बनवत होते.

“बगत कशाला बसता?” म्हणत तिने मला शीतगृहात नेलं. तिथे बादल्यांची चवड होती. “आमी कुटं रिकामी बादली हुडकतो? वरची उचलायची. हातात आली की आपली. लगी आपली चिंधी बांधायची. दोघींच्या हातात एकच बादली येतीया व्हय?”

“आणि काम झाल्यावर?”

“पालथी घालायची. न्हाईतर आपला कुजका पाला दुसरीच्या फुलांना.”

नेमकी हीच सोय प्रोग्रामिंगच्या भाषेत आयती होती. ती दर वेळी नवं, कुणाला न सुचणारं नाव घेऊन फाइल बनवते आणि त्याच दमात उघडून हातात देते. त्या नावाची फाइल आधीच असेल तर सरळ नकार देऊन दुसरं नाव घेते. वर आपण दिल्याशिवाय ती दुसऱ्या कुणाला वाचताही येत नाही. तात्पुरत्या फाइलीत शिकायचंय काय, म्हणून मी माहितीपुस्तकातलं ते पान वाचलंच नव्हतं.

प्रोग्राम बदलला आणि सगळ्यांसमोर सुपरवायझरला सांगितलं, “चूक मावशींची नव्हती, माझी होती.”

“मग तुम्हाला पाठवू का तोडणीला?”

“नगं सायेब,” मावशी टेबलावरून म्हणाली, “त्येंना कळी आन् काटा कळायचा न्हाई.”

मग तिने पलीकडच्या टेबलावरचीला हाक मारली, “दाब गं!” दोघींनी एकदम बटण दाबलं. दोन लेबलं आली. मावशीने आपलं लेबल फुलांशी ताडून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि खोक्यावर तळहाताने दाबून चिकटवलं.

“आन् भाऊ, पालथी घातली का?”

मी गुपचूप फोल्डर उघडला. नव्या प्रोग्रामात पुसायचं राहूनच गेलं होतं; सकाळपासूनच्या सगळ्या फाइली तिथेच पडल्या होत्या.

“घालतो, मावशी.”