आगबोटीची डावी बाजू की उजवी?

मंडळी, आज डोकं फिरलंय माझं!

दुसरी लढाई संपली, म्हणून मी नवऱ्याकडे मोंबासाला निघालेय. आगबोटीत कुठल्या बाजूची खोली हवी, ते आज उंब्रजहून साताऱ्याला जाऊन एजंटाला सांगायचं होतं. ऊन कमी लागावं, एवढंच.

सासरे आणि त्यांचे थोरले भाऊ आबा, दोघंही पहिल्या लढाईत तिकडं जाऊन आलेले.

"डावी घे पोरी," सासरे म्हणाले.

"खुळा हायस व्हय रं? डावीकडं लय भाजून निघालो आमी!" आबा कडाडले.

या वादात साताऱ्याची मोटार निघून गेली. शेवटी माझाच आवाज चढला, "अहो आबा, जाताना की येताना?"

जाताना आबा तापानं पडून होते. त्यांना आठवत होतं ते परतीचं, तेव्हा बोटीचं तोंड उलटं आणि ऊन डावीकडं!

मग दोघांचं जमलं. जाताना डावी, येताना उजवी.

पण येणार कधी, हे एकानंही विचारलं नाही. तुमच्या घरी तरी विचारतात का हो?